चोवीस पेट्यांच्या बारा

सव्वीस वर्षं तिने काच सांभाळली. शाळेच्या प्रयोगशाळेत ती परिचर होती. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, स्पिरिटच्या दिव्यांच्या वाती कापायच्या आणि दर वर्षी येणाऱ्या नव्या पोरांच्या हातून बीकर फुटू नयेत म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. सर यायचे, फळ्यावर आकृती काढायचे आणि खुर्चीत बसायचे. प्रयोग खरा करवून घ्यायची ती. कागदावर तसं कुठेच नव्हतं, पण पोरांना पक्कं ठाऊक होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी दांडगी दांडगी पोरं सरांना सोडून तिच्यामागे लागायची, "मावशी, रंग नेमका कधी बदलतो?" ती म्हणायची, "पुस्तकात बघा." आणि मग इकडेतिकडे बघून सांगायची.

पुढे शाळेने वरचे वर्ग नव्या इमारतीत नेले. तिथली प्रयोगशाळा चकाचक, तिथला परिचर तरुण आणि संगणक येणारा. जुनी प्रयोगशाळा कुलूप लावून ठेवली आणि मावशी जास्तीचं माणूस ठरली. निवृत्तीला चार वर्षं होती, काढून टाकता येईना. म्हणून तिला तळमजल्यावरच्या शिशुवर्गात पाठवलं. काम काय, तर नाकं पुसणं, बुटांच्या नाड्या बांधणं आणि कोणाची चड्डी ओली झाली तर फरशी पुसणं. 'लॅबमावशी' हे नाव तेवढं जिना उतरून तिच्याबरोबर खाली आलं.

"बरं झालं," तिचा नवरा म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि कोणतीही गोष्ट डोळ्याचं भिंग न काढता बोलायचा. "आता काच फुटायची भीती नाही."

"गप्प बसा," मावशी म्हणाली. तिला अपमान झोंबला होता आणि तो झोंबला नाही असं दाखवायची तिला सवय नव्हती.

शिशुवर्गाच्या भिंतीवर तक्ते होते. 'वाटून घ्या.' 'रांगेत उभे राहा.' 'चुकलं तर माफी मागा.' प्रत्येक तक्त्यावर गोऱ्या गालांचं एक हसरं पोर. वर्गाच्या बाई वयाने लहान, मनाने चांगल्या. त्या रोज सकाळी तक्त्यावर छडी ठेवून म्हणायच्या, "आपण काय करतो?" चोवीस पोरं एका सुरात ओरडायची, "वाटून घेतो!" आणि बाईंची पाठ वळली की एकमेकांच्या झिंज्या धरायची. मावशी कोपऱ्यात नाडी बांधत बसलेली असायची. तिला हसू यायचं आणि रागही यायचा. पोहायचं कसं हे कोणी भिंतीवर लिहून शिकवतं का? पण चार वर्षांच्या पोराला माणसांत राहायला शिकवायचं म्हटलं की मोठी माणसं पहिला धरतात तो खडू.

तिने प्रयोगशाळेत वेगळं पाहिलं होतं. एकमेकांचं तोंड न बघणारी दोन पोरं हजेरीपटात शेजारी आली की एका टेबलावर यायची. एकाने वरची तोटी फिरवायची, दुसऱ्याने खालच्या चंबूवर नजर ठेवायची. "थांब", "अजून एक थेंब", "बस!" एवढं बोलल्यावाचून प्रयोग होतच नाही, आणि रुसून हे बोलता येत नाही. अर्ध्या तासात ती दोघं तिच्याच नावाने एकत्र बोटं मोडायला लागायची, की मावशीने बाटली अर्धीच भरली. मावशीला ते चालायचं.

तेव्हा तिने वर्गाच्या त्या धाकट्या बाईंकडून दिवसातली शेवटची चाळीस मिनिटं मागून घेतली. "तुम्ही दमलेल्या असता, मी बसते पोरांत," असं गोड बोलून. आणि नियम केला की ज्या प्रयोगाला दोन हात पुरतात तो आपल्याकडे लावायचाच नाही. चार हात लागले पाहिजेत. विजेरी एकाने धरायची आणि पुठ्ठ्याचा मासा दुसऱ्याने, मग भिंतीवरची सावली मोठी करायची की लहान ते दोघांनी ठरवायचं. पुठ्ठा एकाने आडवा धरायचा, दुसऱ्याने खालून लोहचुंबक फिरवून वरची टाचणी चालवायची. एकच भिंग दोघांत द्यायचं, ज्याच्या हातात भिंग त्याने बोलायचं आणि ज्याच्या हातात नाही त्याने ते ऐकून चित्र काढायचं. पोरं भांडायची की. पहिले दोन महिने तर नुसता बाजार होता. धाकट्या बाई दारातून डोकावून म्हणायच्या, "मावशी, फार आवाज होतोय हो." मावशी म्हणायची, "होऊ दे. काम चाललंय."

त्या चोवीसांत एक मिरची होती.

मिरची साडेचार वर्षांची. केस कायम डोळ्यांवर, खिशात कायम एखादा खडा. ती चावायची. मारामारीत सगळीच पोरं कधी ना कधी चावतात, तसं नाही. ती बोलण्याच्या जागी चावायची. कोणी घसरगुंडीवर पुढे घुसलं की दात. कोणी तिचा रंग उचलला की दात. तिची आई इस्पितळात नर्स, पाळ्यांची नोकरी. ती बिचारी फाटकाशी रोज तोच प्रश्न विचारायची, "आज कोणी?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच तिचा चेहरा पडायचा.

मावशीला वाटलं, हिच्या जोडीला गरीब पोर द्यावं. वर्गात एक कासव होता. हे नाव पोरांनीच ठेवलेलं, आणि त्याला ते आवडायचं. गोल, शांत, प्रत्येक गोष्ट दुप्पट वेळ घेऊन करणारा. मावशीने दोघांना तराजू दिला. आणि इथे तिच्या सव्वीस वर्षांनी तिला दगा दिला.

प्रयोगशाळेत एक जुनी पद्धत होती. ज्या पोराचे हात धसमुसळे, त्याला काचेजवळ जाऊच द्यायचं नाही. त्याला वही द्यायची आणि सांगायचं, तू नुसते आकडे लिही. काच वाचते, सर खूश, पोरगंही वर्षभर उभ्या उभ्या पास होतं. मावशीने आयुष्यभर हेच केलं होतं, आणि ते इतकं अंगात भिनलं होतं की विचार न करता तिच्या तोंडून निघून गेलं, "कासवा, तू मणी टाक. मिरची, तू नुसतं बघ हं."

मिरची एक मिनिट बघत राहिली. दोन मिनिटं बघत राहिली. मग तिने कासवाचं मनगट तोंडात धरलं आणि मावशीने सोडवेपर्यंत सोडलं नाही.

दातांची अर्धगोल रांग उमटली होती. कासव रडला तोही सावकाश, आधी नुसता बघत बसला आणि मग हुंदका आला. मावशी त्याच्या मनगटावर बर्फ धरून बसली होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की ही चूक या पोरीची नाही, माझी आहे. मी हिचे हात रिकामे ठेवले. तिला त्या सगळ्या धसमुसळ्या पोरांचे चेहरे आठवले, हातात वही धरून टेबलाच्या टोकाला उभे असलेले, आणि तिला स्वतःची लाज वाटली. तसं तिने धाकट्या बाईंना सांगितलंही. धाकट्या बाई म्हणाल्या, "असं कसं मावशी, चावली ती आहे."

कासवाच्या वडिलांचं पत्र दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंच्या टेबलावर आलं. त्याआधीची तीन पत्रं तिथे होतीच.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. वाईट बाई नव्हती ती, हे सांगितलं पाहिजे. पण चोवीस घरांचे आईवडील, शाळेची समिती आणि गळकं छप्पर एवढं सगळं एका डोक्यावर असलं की माणूस शांतता जिथून मिळेल तिथून घेतो. आणि नेमक्या त्याच आठवड्यात शांतता चोवीस पेट्यांत भरून आली.

एका निवृत्त गृहस्थांनी शिशुवर्गाला देणगी म्हणून विज्ञानाच्या पेट्या दिल्या होत्या. प्रत्येक मुलाला एक. पेटीत छोटा टब, पेला, दोन पायऱ्यांची प्लास्टिकची घडवंची, मीटरभर पारदर्शक नळी, नळीची तोंडं बंद करायला दोन चिमटे आणि रंगाची कुपी. वरच्या पायरीवर टब, खालच्या पायरीवर पेला, नळी पाण्याने भरून चिमटे काढले की वरचं पाणी आपोआप खाली. झाकणावर छापलेलं होतं, 'स्वतंत्र संच. प्रत्येकाची वेगळी पेटी, भांडणाला जागाच नाही.'

मंगळवारी पेट्या वाटल्या. वर्ग असा चिडीचूप झाला की बाहेरचा नळ गळताना ऐकू यायला लागला. चोवीस डोकी चोवीस पेट्यांत. मिरचीसुद्धा जागची हलली नाही. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला.

"बघा मावशी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे असं पाहिजे."

"कसं?" मावशीने विचारलं.

"शांत."

"झोपल्यावरही शांतच असतात, मोठ्या बाई."

त्यानंतर वीस मिनिटांनी पोरं घसरगुंडीवर गेली, आणि मिरचीने पायरीवर पुढे आलेल्या एका मुलीचा दंड दातांत धरला. पेटीने काही शिकवलं असेल तर एवढंच, की माणसं नसली की बरं असतं.

मोठ्या बाईंनी मावशीला खोलीत बोलावलं. धाकट्या बाई आधीच उभ्या होत्या, डोळे खाली.

"शुक्रवारी देणगीवाले आजोबा आणि समिती पेट्यांचा कार्यक्रम बघायला येणार," मोठ्या बाई म्हणाल्या. "जुनी प्रयोगशाळा उघडा, तिथे पाण्याची सोय आहे. आणि शुक्रवारपासून ती मुलगी वर्गात नको. तिच्या आईला मी सांगितलंय. पुढच्या वर्षी मोठी झाली की बघू."

"वर्षभर घरी बसून ती काय शिकेल?"

"मला तेवीस मुलं आहेत, मावशी."

"चोवीस आहेत."

"मावशी!"

"मला थोडे दिवस द्या. चूक माझी होती, मी सांगितलं ना. मी तिला नुसतं बघत उभं केलं होतं."

"तुमचं काम नाकं पुसायचं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांनाच ते बरं वाटलं नाही, पण शब्द काही परत घेतला नाही.

मावशी घरी आली ती भांडी आपटतच. नवऱ्याने भिंगातून वर न बघता विचारलं, "कोणाला ओरडतेस?"

"त्या पेटीला."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग एक बारीक चाक चिमट्यात धरून म्हणाला, "दोन वर्षं राहिलीत तुझी. नाकं पूस आणि घरी ये. तू कशाला त्यात नाक खुपसतेस?"

"तुम्ही एक काटा काढून ठेवता का, घड्याळ शांत राहावं म्हणून?"

"मी काटा बसवतो."

"मग मीपण बसवते," ती म्हणाली, आणि तिचं ठरलं.

गुरुवारी पोरं गेल्यावर तिने जुन्या प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. लांब उंच टेबलं धुळीत उभी होती. तिने ती पुसली, मोऱ्या घासल्या, नळ सोडून आधीचं तांबूस पाणी जाऊ दिलं. कपाटात तिच्याच हाताने चिठ्ठी लावलेला एक डबा होता, 'जोड, प्लास्टिक, लहान.' ती पेट्या घेऊन बसली. शेगडीवर पाणी गरम केलं, नळीचं टोक त्यात बुडवून मऊ केलं, जोडावर चढवलं, दुसऱ्या पेटीतल्या नळीचं टोक पलीकडून चढवलं. गार झाली की अशी नळी इतकी घट्ट बसते की सोडवायला कापावीच लागते. हे तिला माहीत होतं आणि म्हणूनच तिने ते तसं केलं. मग चिमटे. अठ्ठेचाळीस चिमटे तिने मोजून एका बाटलीत भरले आणि बाटली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

धाकट्या बाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नाही.

"मावशी, हे काय केलंत!"

"चोवीसाच्या बारा."

"मोठ्या बाई मला खातील."

"तुम्हाला काही माहीत नव्हतं. विचारलं तर सांगा, म्हातारी ऐकत नाही." मावशीने शेवटची नळी झटकली. "टब टेबलावर. बादली खाली फरशीवर. वरच्या टोकाला एक पोर, ठोकळ्यावर उभं. खालच्या टोकाला एक पोर. चिमटा नाही, अंगठा. वरच्याने टोक पाण्यात बुडवून 'सोड' म्हटल्याशिवाय खालच्याने सोडायचं नाही. सोडलं तर नळी रिकामी. आणि वरच्याने टोक पाण्याबाहेर काढलं की खालच्याचं पाणी बंद."

धाकट्या बाईंनी नळीकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "ठोकळे कुठे आहेत?"

शुक्रवारी फाटकाशी मिरचीची आई एकटी उभी होती, म्हणजे तिच्या मागे मिरची होती, लपवल्यासारखी. "मोठ्या बाईंनी नको म्हटलंय," ती म्हणाली. "पण तुमचा निरोप आला, की घेऊन या. आणि मला आज सुट्टी नाही. मावशी, मी काय करू?"

"तुम्ही कामावर जा."

"त्या रागावतील."

"माझ्यावर रागावतील. तुम्हाला कशाला त्याची चिंता?" मावशीने मिरचीचा हात धरला. हात गरम होता आणि मुठीत खडा होता. "चल ग. आज तुला वरचं टोक."

तिने मिरचीची जोडी कासवाशीच लावली. गरीब पोर म्हणून नाही. या पोराला एकदा पटलं की ते पटलेलं सोडत नाही, म्हणून. कासवाने आधी मिरचीकडे पाहिलं, मग मनगटावरच्या पिवळ्या पडलेल्या वणाकडे, मग मावशीकडे.

"ती चावते," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

"हो," मावशी म्हणाली. "तू खाली बस, ती वर उभी राहील. तुझं पाणी तिच्या हातात आहे. ती सांगेल तेव्हाच सोडायचं."

कासव विचार करून बादलीशी बसला.

पहिल्या खेपेला त्याने लवकर सोडलं. निळं पाणी फरशीवर, त्याच्या चड्डीवर. मिरची ठोकळ्यावरून धाडकन उतरली, चेहरा लाल, आणि तिने त्याचा हात पकडला. तोच हात. धाकट्या बाईंनी श्वास ओढला. मावशी दोन पावलांवर होती. दोन पावलं तिला सहज टाकता आली असती. ती जागेवरून हलली नाही.

मिरचीचं तोंड उघडलं. तिने कासवाचा अंगठा धरला, नळीच्या तोंडावर ठेवला आणि वरून आपला अंगठा दाबला.

"असं!" ती ओरडली. "मी म्हणेपर्यंत सोडायचं नाही! कळलं?"

"कळलं," कासव म्हणाला.

"मी सोड म्हणेपर्यंत!"

"हो ग."

दुसऱ्या खेपेला पाणी आलं. कासवाने बादलीत तोंड घालून वर सांगितलं, "आलं!" मिरचीने टबात पाहून खाली सांगितलं, "कमी होतंय!" आणि मग ती दोघं थांबेचनात. आलं का? आलं. अजून? अजून. मिरचीच्या तोंडून इतके शब्द एका वेळी निघालेले वर्गात कोणी ऐकले नव्हते. बाकीच्या अकरा नळ्यांवरही तोच गोंधळ. सोड, नको सोडू, माझं गेलं, धर ना. जुनी प्रयोगशाळा गजबजून गेली होती.

त्या गोंधळात मोठ्या बाई पाहुण्यांना घेऊन आत आल्या.

देणगीवाले आजोबा दारातच थबकले. समितीची दोन माणसं त्यांच्यामागे. "मी चोवीस दिल्या होत्या," आजोबा म्हणाले.

"चोवीसच आहेत," मावशी म्हणाली. "जोडल्यात."

"पण झाकणावर 'स्वतंत्र' असं छापलंय."

"छापलेलं मी वाचलं, आजोबा. या, बघा, ती तिकडची जोडी फार छान धरते." आणि तिने त्यांना सरळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. दोन पोरांनी त्यांना वाकायला लावून बादली दाखवायला सुरुवात केली, आणि आजोबांना नाइलाजाने वाकावं लागलं.

मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी बारा नळ्या पाहिल्या. मग ठोकळ्यावरची मिरची पाहिली. पाहुण्यांकडे हसून बघत त्या मिरचीपाशी गेल्या, तिला ठोकळ्यावरून उचलून खाली ठेवलं, तिचा हात घट्ट धरला आणि तिला दाराबाहेर घेऊन गेल्या. मावशीला हे दिसलं तेव्हा ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

नळीचं वरचं टोक टबातून निसटून टेबलाच्या कडेवर लोंबत राहिलं.

कासवाच्या बादलीत धार बारीक झाली, गुरगुरली आणि बंद पडली. त्याने नळी हलवली. नळीत फुंकलं. मग तो उभा राहिला, वर रिकाम्या ठोकळ्याकडे पाहिलं आणि ज्या पोराचा आवाज वर्षभरात पहिल्या बाकापर्यंत पोचला नव्हता ते पोर खोलीभर ओरडलं, "माझं वरचं माणूस कुठे गेलं?"

सगळे वळले. आजोबासुद्धा.

"थांब हं राजा," समितीतल्या एका बाईंनी पुढे होऊन नळी उचलली. "मी धरते."

"तुम्ही नाही. ती!"

"अरे, पण ती तर तुला..." धाकट्या बाईंच्या तोंडून निघालं आणि त्या मध्येच थांबल्या.

"ती नीट धरते," कासव म्हणाला. त्याने समितीच्या बाईंच्या हातातून टोक काढून घेतलं, नळी गळ्यात अडकवली आणि दाराबाहेर चालू पडला. धावला नाही. तो धावतच नाही. लांबलचक नळी मागे फरशीवर घासत, निळे थेंब सांडत तो ओसरीवर गेला. मावशी त्याच्यामागे.

ओसरीच्या टोकाशी मोठ्या बाई मिरचीचा हात धरून उभ्या होत्या. मिरचीने ओठ इतके आवळले होते की त्यांच्याभोवती पांढरी कड आली होती. कासव दोघींच्या समोर जाऊन उभा राहिला आणि त्याने नळीचं टोक पुढे केलं.

"धर. बंद पडलं."

मिरचीचा एक हात मोठ्या बाईंच्या हातात होता, दुसऱ्यात खडा. तिने खडा टाकला आणि टोक धरलं. मग तिने वर मोठ्या बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझा हात सोडा. मला काम आहे."

चावली नाही. म्हणाली. मावशीला ते ऐकून रडू फुटलं आणि तिने ते लपवलं नाही.

मोठ्या बाईंनी हात सोडला. का सोडला हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पोरगी आणि पोरगा नळी ओढत आत गेले. थोड्या वेळाने आतून "सोड!" असा खणखणीत आवाज आला.

"परत चावली तर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"चावेल कदाचित," मावशी डोळे पुसत म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पण ती इथेच चावेल, घरी बसून नाही. आणि मी इथे असेन."

"सोमवारी माझ्या खोलीत या. लेखी खुलासा लागेल. शाळेच्या वस्तूंची मोडतोड, वरिष्ठांची सूचना डावलली, सगळं."

"येते. ती वर्गात बसलेली दिसली की येते."

सोमवारी मिरची वर्गात बसलेली होती. हजेरीत तिचं नाव पुकारलं गेलं आणि तिने "हजर" म्हटलं. मावशीने ते दारात उभं राहून ऐकलं, मग हात पुसले आणि जिना चढून मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. टेबलावर टाइप केलेला कागद होता, पाच आरोप, खाली खुलाशासाठी मोकळी जागा. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मोठ्या बाईंनी पेन पुढे केलं.

मावशीने लिहिलं, 'वरील सर्व खरे आहे. पुढच्या वर्षी नवी मुले आली की पुन्हा करीन.' आणि खाली सही केली.